वडिलांच्या कपाटातला एप्रन

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. ते फ्रीमेसन (एका जुन्या बंधुसंस्थेचे सभासद) होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. महिन्यातल्या एका संध्याकाळी काळा सूट घालून, हातात एक चपटी बॅग घेऊन ते जायचे आणि उशिरा परतायचे. त्याआधी काही दिवस रात्री खोलीचं दार लावून येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटायचे. आई म्हणायची, ते पाठ करतायत, आवाज करू नका. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. अंत्यसंस्काराला मात्र वीस-पंचवीस अनोळखी माणसं आली आणि गुपचूप मागे उभी राहिली. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ अजूनही दर महिन्याला फोन करून आईची चौकशी करतात. कपाट आवरताना ती बॅग सापडली. आत पांढरे हातमोजे होते, निम्मे शब्द नुसत्या आद्याक्षरांनी छापलेलं एक छोटं पुस्तक होतं आणि एक एप्रन होता. पांढरं कातडं, फिकट निळी किनार, चंदेरी साखळ्या, पट्ट्याला सापाच्या आकाराचा आकडा आणि तीन ठिकाणी उलट्या 'टी'सारखी धातूची नक्षी. तेव्हापासून मलाही तिथे जावंसं वाटतंय. पण का? बाबांसाठी? नोकरी सोडून मी स्वतःचं काम सुरू केलंय, त्याला ओळखी लागतात म्हणून? की या वयात मला एकही जवळचा मित्र उरलेला नाही म्हणून? तिन्ही कारणं मला हलकी वाटतात. पत्नीचा विरोध आहे. जिथे बायकांना प्रवेश नाही आणि जिथलं घरी सांगता येत नाही, तिथे जायचंच कशाला, असं ती विचारते. देवाबद्दलही माझं मन पक्कं नाही. आजच्या काळात लोक असल्या संस्थांमध्ये का जातात? आणि मी जावं का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नाआधी त्या उलट्या 'टी'बद्दल बोलू, कारण तुम्ही तिला नक्षी म्हणून एका ओळीत सोडून दिलंय. ती नक्षी नाही. इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये (फ्रीमेसन आपल्या शाखेला लॉज म्हणतात) नव्या माणसाला मिळणारा एप्रन कोरा पांढरा असतो. दुसऱ्या पायरीला त्यावर निळ्या फितीची दोन फुलं येतात. तिसऱ्या पायरीला तो 'मास्टर मेसन' झाला की फुलं तीन होतात आणि निळी किनार लागते. पुष्कळ सभासद आयुष्यभर तोच एप्रन बांधतात. फुलं जाऊन त्यांच्या जागी उलट्या 'टी' येतात त्या एकाच कारणाने: तो माणूस लॉजच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसलेला असतो.

म्हणजे तुमच्या बाबांनी निदान एकदा तरी ते लॉज चालवलं. समारंभाने त्यांना पूर्वेकडच्या खुर्चीत बसवलं गेलं, सगळे त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि त्या रात्री घरी येऊन त्यांनी नेहमीसारखीच बॅग कपाटात ठेवली असेल. बंद दाराआडचं ते पुटपुटणं म्हणजे दीक्षाविधीतले लांबलचक संवाद. ते पुस्तक हातात न घेता, एक शब्दही न चुकवता म्हणायचे असतात, आणि प्रमुखाच्या वाट्याला त्यातले सर्वांत जास्त येतात.

हे आधी सांगितलं, कारण लोक का जातात हे तुम्ही विचारता. तुमचे बाबा का गेले हे कदाचित कधीच कळणार नाही. पण ते का टिकले, याची खूण तुमच्या हातात आहे.

आता तुमची तीन कारणं. तुमच्या पत्रात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: अशा ठिकाणी जाण्याचं एखादं शुद्ध, उदात्त कारण असतं, बाकीच्यांकडे ते आहे आणि तुमच्याकडे नाही. या संस्थांचा इतिहास पाहिला तर असं म्हणता येत नाही.

'ऑड फेलोज' नावाची एक जुनी बंधुसंस्था आहे. तिची अमेरिकेतली सुरुवात टॉमस वाइल्डी या माणसाने केली. तो मूळचा लंडनचा, घोडागाड्यांच्या स्प्रिंगा बनवणारा कारागीर. १८१७ साली तो बाल्टिमोरला आला. शहर परकं, ओळखीचं कोणी नाही. इंग्लंडमध्ये तो ऑड फेलो होता, आणि इथे त्याला त्या सोबतीची उणीव फार जाणवायची. मग त्याने काय केलं? वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की या शहरात कोणी ऑड फेलो असतील तर त्यांनी भेटावं. २६ एप्रिल १८१९ रोजी एका खानावळीत तो धरून पाच माणसं जमली, आणि त्यातून पुढे लाखो सभासदांची संस्था उभी राहिली. आजारी माणसाला भेटायचं, अडलेल्याला मदत करायची, मृताला मूठमाती द्यायची, अनाथाला शिकवायचं, ही त्यांची चार कामं. पण या सगळ्याच्या मुळाशी मित्र नसलेल्या एका माणसाने दिलेली जाहिरात आहे.

तुम्ही ज्या कारणाची लाज धरता, ते हेच.

चाळिशीनंतर मित्र उरत नाहीत याबद्दल मला इतकी पत्रं येतात, त्यातली बहुतेक पुरुषांची, की मी त्याला वैयक्तिक कमतरता मानणं केव्हाच सोडलं. शाळेत, वसतिगृहात, पहिल्या नोकरीत मैत्री आपोआप होते, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि भेटायला कारण लागत नाही. पुढे प्रत्येक भेट ठरवावी लागते. दोनदा ठरवून रद्द झाली की तिसऱ्यांदा कोणी फोन करत नाही. जिथे दर महिन्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जायचं असतं, आपण गेलो नाही तर आपली जागा मोकळी दिसते आणि कुणीतरी विचारतं, अशी जागा फार थोड्यांना मिळते. माझ्या मते या संस्थांमध्ये लोक जाण्याचं आणि टिकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, तोंडाने ते काहीही सांगोत.

काही वर्षांपूर्वी एका लॉजने एक दिवस सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं. मी गेले होते. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला, दक्षिणेला आणि पश्चिमेला एकेक उंच खुर्ची, आणि दोन ठिकाणी ठेवलेले दोन दगड, एक खाणीतून आल्यासारखा ओबडधोबड आणि दुसरा घडीव, गुळगुळीत. दाखवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. त्यांनी मला दोन्ही दगडांवरून हात फिरवू दिला. पहिला म्हणजे आत येणारा माणूस, दुसरा म्हणजे तो जसा व्हायला हवा तसा, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, तुम्ही घडलात का? ते थोडे थांबले. मग म्हणाले, की ते सांगता येणार नाही, पण पत्नी गेली त्या वर्षी ते दोन महिने आले नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात दोघेजण त्यांना घ्यायला दारात उभे होते. दगडाचा अर्थ मी पुढे बऱ्याच ठिकाणी वाचला. लक्षात राहिलं ते हे.

दुसरं कारण, बाबा. यावर मी थोडी कडक होणार आहे.

वडिलांच्या मागोमाग लॉजमध्ये येणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यात काही गैर नाही. पण तुमचं दुःख अजून ओलं आहे. तुम्हाला तिथे जे हवंय ते मिळण्याजोगं आहे का, हे तपासा. बाबा काय पुटपुटत होते ते शब्द मिळतील. ते कुठे बसत, कसे बोलत, कुणाशी हसत, हे सांगणारी माणसं मिळतील. ते तुम्हाला घरी का सांगत नव्हते, याचं उत्तर लॉजकडे नसेल. फ्रीमेसनला आपलं सभासदत्व घरी सांगायला बंदी नसते. कुठे जातो, कधी येतो, कोण कोण असतं, किती खर्च होतो, हे सगळं मोकळेपणी सांगता येतं. ओळखीच्या खुणा आणि विधीतला काही भाग एवढंच राखायचं असतं. बाबांनी बाकीचंही सांगितलं नाही तो त्यांचा स्वभाव होता, किंवा त्या पिढीतल्या पुरुषांची रीत होती. लॉजने त्यांचं तोंड बांधलेलं नव्हतं. हे ऐकून तुम्हाला थोडं लागेल, पण आत शिरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. बाबांबद्दल जाणून घेण्यासाठी सभासद व्हावं लागत नाही. ते वयस्कर गृहस्थ दर महिन्याला फोन करतात. त्यांना भेटा, बाबांबद्दल विचारा, पोटभर ऐका. त्यानंतरही महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसावंसं वाटलं, तर ती इच्छा तुमची स्वतःची.

तिसरं कारण ओळखींचं. ते मनात आल्याने तुम्ही वाईट ठरत नाही, पण त्यासाठी लॉज ही चुकीची जागा आहे, आणि तुम्हाला ते दारातच सांगितलं जाईल. प्रवेशाच्या वेळी उमेदवाराला विचारतात, की पैशाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या अयोग्य हेतूने तर आला नाहीस ना. सभासदत्वाचा वापर स्वतःच्या किंवा कुणाच्याही फायद्यासाठी करायचा नाही, असा इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजचा (तिथल्या लॉजच्या मध्यवर्ती संस्थेचा) स्पष्ट नियम आहे. हा नियम मोडला की काय होतं, याचं मोठं उदाहरण इटलीतलं. १९८१ साली तपास करणाऱ्यांना लिचो जेल्ली याच्या घरझडतीत 'पी टू' या लॉजची यादी सापडली. त्या लॉजला तिथल्या मूळ संस्थेने काही वर्षं आधीच निलंबित केलं होतं, पण जेल्ली ते गुप्तपणे चालवतच होता. यादीत मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार, बँकवाले अशी ९००हून अधिक नावं होती. सरकार कोसळलं, आणि पुढच्या वर्षी गुप्त संघटनांवर बंदी घालणारा कायदा आला. बंधुभावाचं रूपांतर एकमेकांची कामं करून देण्यात झालं की ते कुठवर जातं, हे त्या यादीतून दिसलं. ओळखी होणारच, त्या कुठेही होतात. पण पहिल्या वर्षी लॉजमधल्या एकाही माणसाकडे धंद्याचा विषय काढायचा नाही, एवढं मनाशी ठरवून जा. ते ठरवताना जायची इच्छाच ओसरली, तर खरं कारण काय होतं हे तुम्हाला कळेल.

पण पोटापाण्याचा विचार म्हणजे हलका विचार, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात लाखो कामगार या संस्थांमध्ये आले ते सरळ हिशेब करून. विमा परवडत नव्हता, सरकार काही देत नव्हतं, कारखान्यात हात गेला तर घर उपाशी. १८६८ साली पेनसिल्व्हेनियात जॉन अपचर्च याने 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन' काढली. सभासद वारला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर काढायचा आणि जमलेली रक्कम त्याच्या घरी द्यायची, ही तिची रीत. १८८२ साली कनेक्टिकटमध्ये मायकल मगिव्हनी या तरुण पाद्र्याने 'नाइट्स ऑफ कोलंबस' सुरू केली, तीही मुख्यतः कमावता माणूस गेल्यावर उघड्यावर पडणाऱ्या कुटुंबांसाठी. तुमच्या आईला येणारा तो मासिक फोन याच जुन्या हिशेबातला आहे. आज पैशाची गरज नसेल, पण चौकशीची रीत टिकली आहे.

पुढे सरकारी योजना आल्या, विमा कंपन्या आल्या आणि ही गरज आटली. अमेरिकेत १९५९च्या सुमारास ४० लाखांहून अधिक फ्रीमेसन होते, आज १० लाखही नाहीत. म्हणजे ज्यांना दुसरीकडे सोय मिळाली किंवा वेळ उरला नाही, ते गेले. मग उरलेले का उरले, आणि तुमच्यासारखे नवे का येतात?

सोबतीचं सांगितलंच. दुसरं कारण मला तितकंच मोलाचं वाटतं. बाहेरची भांडणं तिथे दाराबाहेर ठेवावी लागतात. ऑक्टोबर १६४६मध्ये एलायस ॲशमोल या विद्वानाने रोजनिशीत नोंद केली, की वॉरिंग्टनला आपण फ्रीमेसन झालो. इंग्लंडमध्ये नुकतंच यादवी युद्ध झालेलं, आणि ॲशमोल राजाच्या बाजूचा. त्याच्यासोबत त्याच दिवशी दीक्षा घेणारा कर्नल हेन्री मेन्वेरिंग हा त्याचा नातलग पार्लमेंटच्या बाजूचा. एकमेकांविरुद्धच्या फौजांमधली दोन माणसं एका खोलीत बंधू झाली. पुढे १७१७ साली लंडनमधल्या चार लॉजनी मिळून पहिलं ग्रँड लॉज स्थापलं. १७२३मध्ये छापलेल्या नियमांत धर्म आणि राजकारण यांवरचे वाद लॉजमध्ये आणायचे नाहीत, असं घातलं गेलं, आणि इंग्लिश परंपरेत ते आजही पाळतात. दिवसभर फोनवर कुणी ना कुणी आपल्याला एखाद्या बाजूला ओढत असतं. तेव्हा महिन्याचे तीन तास ज्याचं मत आपल्याला माहीत नाही अशा माणसाशेजारी बसायला मिळणं, हे मला ऐषआरामासारखं वाटतं.

आणि मान. बाहेर तुम्ही कोण आहात याचा आतल्या क्रमाशी संबंध नसतो. कारकून खुर्चीत असतो आणि त्याच्या कार्यालयातला साहेब उभा राहून त्याची परवानगी मागतो. ज्यांना बाहेर मान नाकारला गेला त्यांना याची किंमत सर्वांत आधी कळली. १७७५ साली बॉस्टनमध्ये प्रिन्स हॉल आणि त्याच्यासह आणखी चौदा कृष्णवर्णीयांनी ब्रिटिश पलटणीतल्या एका लॉजकडून दीक्षा घेतली. अमेरिकी लॉजनी त्यांना आपलं मानलं नाही, तेव्हा त्यांनी थेट लंडनकडे सनद मागितली आणि १७८४ साली ती मंजूर झाली. त्यांची परंपरा आजही चालू आहे. 'बंधू' ही हाक त्या माणसांसाठी नुसती रीत नव्हती.

विधींबद्दल. पुढच्या परिच्छेदात मी प्रवेशविधीतली एक गोष्ट सांगणार आहे. ती शतकांपूर्वीच छापली गेलीय, सॅम्युएल प्रिचर्डने १७३०मध्येच विधींचं पुस्तक काढलं होतं आणि ते हातोहात खपलं. तरीही तुम्हाला तिथे जाऊन स्वतःच कळायला हवं असेल, तर तो परिच्छेद वाचू नका.

प्रवेशाआधी उमेदवाराच्या अंगावरचं सगळं धातूचं आणि पैसे काढून ठेवायला लावतात. डोळ्यांवर पट्टी असते. बऱ्याच वेळाने, पट्टी निघाल्यावर, सगळ्यांसमोर त्याच्यापुढे दानाची मागणी होते. त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं, आणि भरसभेत तसं सांगावं लागतं. तेव्हा त्याला सांगतात, की हा क्षण लक्षात ठेव, उद्या एखादा अडलेला तुझ्याकडे आला तर तू कधीतरी असाच रिकाम्या हाताने उभा होतास हे विसरू नकोस. हे वाक्य कुठेही वाचता येतं. पण खिसे खरोखर रिकामे असताना, माणसं बघत असताना ते ऐकणं वेगळं. विधी कशासाठी असतो, हे मला यातून समजलं. गुपितात काही दडलेलं नसतं. सगळे एकाच प्रसंगातून एकेकटे गेलेले असतात, आणि त्याची आठवण त्यांना बांधते.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. १९५९ साली एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना बरंच अवघडवणारी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. ज्यांना सर्वांत जास्त अवघडावं लागलं होतं, त्यांना ती चर्चा जास्त चांगली वाटली. आत यायला कष्ट पडले की आतलं सगळं मोलाचं वाटू लागतं, ते असो वा नसो. म्हणून विधीने भारावलेल्या रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका. वर्षभराने एखाद्या रटाळ, इतिवृत्त वाचण्यातच संपलेल्या सभेनंतर घरी येताना स्वतःला विचारा, पुढच्या महिन्यात यायचंय का?

देवाचा मुद्दा थोडक्यात, कारण यात मधला मार्ग नाही. इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये एका परमशक्तीवर श्रद्धा असणं ही अट आहे. ती शक्ती कोणत्या धर्मातली हे विचारत नाहीत, आणि शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेता येते. मन पक्कं नसणं आणि श्रद्धा नसणं यात फरक आहे. आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आहे असं प्रामाणिकपणे म्हणता येत असेल, तर मुलाखतीत नेमकं तेवढंच सांगा. म्हणता येत नसेल तर आत जाण्यासाठी खोटं बोलू नका. सत्याची शपथ घ्यायला खोटं बोलून जाणं तुम्हालाच पुढे टोचत राहील. फ्रान्समधल्या 'ग्रँड ओरिएंट' या फ्रीमेसनांच्या संस्थेने ही अट १८७७ साली काढून टाकली, पण म्हणूनच इंग्लिश परंपरेच्या संस्था त्यांना आपलं मानत नाहीत. इतर वाचकांसाठी एक गोष्ट: कॅथलिक चर्चने १७३८ साली फ्रीमेसनरीला मनाई केली आणि १९८३ साली ती पुन्हा स्पष्ट केली. आपला धर्म याबद्दल काय सांगतो, हे ज्याचं त्याने आधी पाहावं.

आता पत्नी. तुम्ही त्यांचा विरोध एका ओळीत लिहिलाय, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही वाजवी आहेत. बायकांना प्रवेश नाही, हे बहुतेक जुन्या लॉजबद्दल खरं आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. मलाही तिथे पाहुणी म्हणूनच जाता आलं. मात्र १८९३ साली पॅरिसमध्ये मारिया देरेम आणि जॉर्ज मार्तँ यांनी स्त्री-पुरुष दोघांची संस्था काढली, आणि इंग्लंडमध्ये फक्त स्त्रियांचीही लॉज शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत. तुम्हा दोघांना एकत्र काही करायचं असेल तर तोही रस्ता आहे. दुसरी तक्रार न सांगण्याची. मला वाटतं खरी भीती इथे आहे. त्यांनी तुमच्या आईला बंद दाराबाहेर मुलांना गप्प करताना पाहिलं नसेल, पण तुम्ही ती गोष्ट त्यांना सांगितली असणार. आपल्या घरातही तसंच दार लागेल का, हे त्या विचारतायत. त्याचं उत्तर द्या. सभा कधी, किती वाजता संपते, वर्षाचा खर्च किती, हे घरातल्या कॅलेंडरवर आणि घरखर्चाच्या वहीत सगळ्यांना दिसेल असं लिहा. पाठांतर करायची वेळ आली तर दार उघडं ठेवून करा. चार-दोन शब्द त्यांच्या कानावर पडले म्हणून जग बुडणार नाही.

अर्ज करण्याआधी काय विचारावं, हे तुमच्यासारखाच विचार करणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, मग संस्था फ्रीमेसनांची असो, ऑड फेलोजची की आणखी कुठली. प्रवेशशुल्क, वर्गणी, पोशाख आणि जेवणं मिळून वर्षाला किती लागतात, हे आकड्यात मागा. मासिक सभेखेरीज तालमींना किती संध्याकाळी जातात, ते विचारा, कारण हे कोणी आपणहून सांगत नाही. शपथेचा आशय आधी विचारा. युनायटेड ग्रँड लॉजने शपथेतल्या जुन्या भयंकर शिक्षांचा उल्लेख १९८६ साली काढून टाकला, आणि शपथेआधी उमेदवाराला सांगतात, की यात त्याच्या नागरिक म्हणून, माणूस म्हणून किंवा धर्माच्या कर्तव्याविरुद्ध काहीही नाही. सोडायचं झालं तर कसं सोडता येतं, हेही विचारा. सरळ संस्थेत राजीनामा देता येतो आणि कोणी मागे लागत नाही. सभासद होण्याआधी त्यांच्यासोबत दोन-तीनदा तरी जेवा. ती माणसं तुम्हाला कंटाळवाणी वाटली तर विधी कितीही सुंदर असो, तुम्ही टिकणार नाही.

आणि एक इशारा. खऱ्या लॉज तुम्हाला शोधत येत नाहीत. इच्छा तुम्हीच दाखवायची, ही जुनी रीत आहे, आणि म्हणूनच त्या गृहस्थांनी इतक्या महिन्यांत तुम्हाला एकदाही 'या' म्हटलं नसेल. फोनवर अनोळखी संदेश पाठवून श्रीमंती, सत्ता किंवा 'निवडलेल्यांत' जागा देऊ करणारा आणि आधी पैसे भरायला सांगणारा माणूस ठक असतो, त्याच्या संदेशावर कुठलंही चिन्ह छापलेलं असो. घरच्यांपासून, मित्रांपासून तोडायला सांगणारी संस्थाही तशीच. तिथून निघा.

तुम्ही जावं का? पत्र वाचून मला वाटतं, की जावं, पण आत्ताच नाही. वर्षश्राद्ध होऊ द्या. ते चार महिने त्या गृहस्थांना भेटण्यात घालवा आणि निदान एकदा पत्नीला सोबत न्या. नंतर लक्षात आलं की तुम्हाला विधी नकोत, फक्त नियमाने भेटणारी माणसं हवीत, तर गाण्याचा गट, रात्रशाळेत शिकवणं किंवा दर रविवारी डोंगर चढणारी मंडळी हेही तितकंच चांगलं. तिथेही जागा मोकळी दिसली की कुणीतरी विचारतंच.

एप्रन कपाटात दुमडून ठेवू नका, कातड्याला घडीवर चिरा पडतात. सपाट ठेवा. तो तुम्हाला बांधता येईल का, हे लॉज ठरवेल. तुम्ही आत गेलात तर पहिला एप्रन कोराच मिळेल, बाबांनाही तसाच मिळाला होता.

आणि ते छोटं पुस्तक पुन्हा एकदा उघडा, शब्द लावण्यासाठी नव्हे. पाठ करणारे लोक समासात पेन्सिलीने खुणा करतात, जिथे अडतात तिथे. त्या गृहस्थांचा पुढचा फोन आला की खुणा कोणकोणत्या पानांवर आहेत ते त्यांना सांगा. बाबा कुठल्या भागात अडखळायचे आणि त्या वर्षी शेजारी उभं राहून त्यांना हळूच शब्द कोण सांगायचं, हे त्यांना आठवत असेल.